१५०-६०० मिमी झूम लेन्स : मलप्रभेकाठी काढलेल्या हिवाळ्यानंतर

दिवाळीनंतर घेतलेली ही लेन्स मी शिमग्यापर्यंत बहुतेक वेळा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-असोगा परिसरात, मलप्रभेच्या काठावर, केवळ पक्ष्यांसाठी वापरली. कणकुंबीला उगम पावलेली ही नदी इथवर येताना फारशी रुंद झालेली नसते, त्यामुळे पक्षी तसे जवळच असतात. अडचण असते ती उजेडाची. ६०० मिमीवर उजेड आत घेणारे छिद्र एफ/६.३ च्या पुढे उघडत नाही आणि थंडीत तांबडे फुटताना पात्रावर धुके बसलेले असते. अशा वेळी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० च्या वर नेण्याची तयारी नसेल तर सूर्य वर येईपर्यंत उडत्या पक्ष्याचा नाद सोडलेला बरा.

या लेन्सची खरी परीक्षा कवड्या खंड्याने घेतली. हा काळा-पांढरा पक्षी पाण्यावर हवेतच एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच सरळ खाली रोखतो आणि मासा नेमका दिसला की दगडासारखा कोसळतो. तो थांबलेला असतो तेवढ्या अवधीत मधला एकच फोकस बिंदू डोळ्यावर ठेवून शटर १/२००० सेकंदावर नेले, तर पंखाचे पीसन् पीस स्पष्ट येते. १/८०० ला शरीर स्वच्छ आणि पंख पुसट येतात. धुक्यात मात्र फोकस पुढे-मागे भटकतो, कारण त्याला पकडायला ठळक कडाच मिळत नाही. तेव्हा काठावरच्या तितक्याच अंतरावरील खडकावर फोकस धरून मग पक्ष्याकडे वळावे, हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असते, त्यातून वाफ उठते, आणि त्या वाफेतून ६०० मिमीवर घेतलेले छायाचित्र मऊच येते. त्याचा दोष लेन्सला देणे अन्यायाचे आहे. ४०० मिमीवर येऊन चार पावले जवळ जाता आले तर जावे; हिवाळी पाहुणा असलेला करडा धोबी शेपटी हलवत दगडादगडांवरून चालताना, आपण बसून राहिलो, तर बरेचदा आपणहून जवळ येतो. त्याच्या पोटाचा पिवळा रंग या लेन्समध्ये फार सुंदर उतरतो. धुक्याची चौकट कॅमेरा काळवंडून टाकतो म्हणून एक्स्पोजर थोडे वाढवावे, आणि सावलीतल्या पाण्यावर बगळा असेल तर कमी करावे.

पुढच्या काचेवर दव साचते. हूड (काचेपुढे बसवायचे कडे) कायम लावून ठेवल्याने ते पुष्कळ कमी होते. वजन जवळपास दोन किलो असल्याने दवाने निसरड्या झालेल्या भाताच्या बांधावरून चालताना मोनोपॉडचा (एकपायी टेकूचा) लेन्सला आणि आपल्याला असा दुहेरी आधार मिळतो. तक्रार एकच आहे : लेन्स गळ्यात लटकली की नळी स्वतःच्या वजनाने खाली घसरते, आणि तिला अडवून ठेवणारी कळ हातमोजे घालून सापडत नाही.

घटप्रभेवरील हिडकल जलाशयासारख्या मोकळ्या पाण्यावर, जिथे बदके दूर मध्यावर बसतात, तिथे ६०० मिमीही अपुरे पडते. तिथे जायचे असेल तर सोबत ८×४२ ची दुर्बीण घ्यावी आणि लेन्स काठावरच्या तुतवार-शेकाट्यांसाठी ठेवावी.