घरी करायचं 'फिट' किट: कोकणातल्या दमट हवेत कितपत भरवशाचं?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी 'फिट' तपासणी आता कार्डाच्या किटमध्ये मिळते. किट घेण्यासारखं आहे, पण रत्नागिरी-मालवणच्या हवेत ते जपूनच वापरावं लागतं.

शौचातलं रक्त रसायनाने शोधणाऱ्या जुन्या ग्वायक तपासणीआधी तीन दिवस मटण वर्ज्य असे. या कार्डातली अँटीबॉडी फक्त माणसाच्या हिमोग्लोबिनला चिकटते. मटण, मासे, बीट, सोलकढी, सगळं चालतं.

नमुना घेतानाच बहुतेक चुका होतात. आपल्या भारतीय संडासात शौच पाण्यात पडतं आणि नमुना वाया जातो. म्हणून आधी कोरडा जाड कागद अंथरा, लघवी त्यावर पडू देऊ नका. बाटलीच्या झाकणाची काडी पाच-सहा ठिकाणी टोचा. तिच्या खाचा भरल्या की पुरे. गोळाच आत ढकलला तर द्रव गढूळ होतो आणि पट्टीवर चढतच नाही. बाटली नीट हलवा, पत्रकात दिलेले तेवढेच थेंब टाका आणि दिलेल्या वेळेलाच वाचा, बहुधा 5 मिनिटांनी. कार्ड नीट चाललं हे दाखवणारी 'सी'ची रेघ नसेल तर कार्ड बाद. रक्त दाखवणारी 'टी'ची रेघ अंधुक असली तरी पॉझिटिव्हच.

आता हवा. जुलैत कार्डाची पुडी आधी फोडून ठेवली तर पट्टी ओल धरते, म्हणून नमुना तयार झाल्यावरच ती फोडा. मे महिन्यात वेगळा त्रास: उष्णतेने नमुन्यातलं हिमोग्लोबिन मोडतं आणि रक्त असूनही निकाल निगेटिव्ह येतो. असा नमुना एसटीच्या पार्सलने मुंबईला धाडू नये. किट साधारण 2 ते 30 अंशांत ठेवायचं असतं. दुकानात ते कुठे होतं, विचारून घ्या.

उणीव मोठी आहे. एका वेळच्या तपासणीत चारांतले साधारण तीनच कॅन्सर सापडतात, मोठे पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या गाठी) तर त्याहून खूपच कमी. म्हणून पंचेचाळिशीनंतर दरवर्षी करा. पाळीच्या दिवसांत किंवा मूळव्याध वाहत असताना नको. रक्त डोळ्यांना दिसतंय, वजन उतरतंय, तर किटवर पैसे घालवू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

पॉझिटिव्ह आल्यावर खात्रीसाठी दुसरं किट आणणं चूक, कारण पॉलिपमधून रक्त रोज येत नाही. कोलोनोस्कोपीच, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून आतड्याची तपासणी, करावी लागते. वाचायच्या वेळेलाच कार्डाचा फोटो काढून ठेवा. उशिरा उमटलेली रेघ धरायची नसते, आणि डॉक्टर नेमकं तेच विचारतील.