अंगणवाडी की खासगी प्लेग्रुप?

बारावी झालेल्या मामेबहिणीला लहान मुलांना शिकवायचंय. गावातली अंगणवाडी की तालुक्यातला प्लेग्रुप, हे ठरत नाही.

पैसा: अंगणवाडीत पगार नाही, मानधन मिळतं. पण ते सरकारी असतं, आणि सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. प्लेग्रुपचा पगार संचालक ठरवतील तेवढा. उन्हाळी सुट्टीत तो मिळतो का, हे आधीच विचारून घ्यावं.

काम: इथे खरा फरक आहे. सेविकेला तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचं असतंच, शिवाय वजन-उंची, पोषण आहार, गरोदर मातांच्या गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदी. शिकवायला वेळ उरवावा लागतो. प्लेग्रुपमध्ये तास कमी, वर्ग हातात. मात्र तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल द्या म्हणणारे पालकही असतात. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला खेळ-गाण्यांतून शिकवलं, ते अशा पालकांना पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

अट: सेविका स्थानिक रहिवासीच हवी.

गावातच राहून घराघरांशी नातं जोडायचं असेल तर अंगणवाडी घ्यावी. अर्धा दिवस मोकळा हवा, पुढे शिक्षणशास्त्र शिकायचं असेल, तर प्लेग्रुप.