पीटीओ फिरत नाही म्हणून ट्रॅक्टर खोलायला देण्याआधी

रोटाव्हेटर मध्येच थांबला, इंजिन चालूच आहे आणि लावणी तोंडावर आलीय. कोकणात फसवलं जातं ते नेमकं याच वेळी. मेस्त्री येतो, पीटीओचा (इंजिनाची ताकद मागच्या दांड्यातून अवजाराला देणाऱ्या यंत्रणेचा) लिव्हर दोनदा टाकून बघतो आणि सांगतो, "पीटीओची क्लच प्लेट गेली. गाडी मधून खोलावी लागेल." तरवा (भाताची रोपं) वाढत चाललेला, खलाटीतलं (सखल भातशेतीतलं) पाणी आज आहे तर उद्या नाही. शेतकरी हो म्हणतो.

गुहागरकडच्या एका शेतकऱ्याला असंच 18 हजारांचं बिल लागलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी, सगळं लिहिलेलं. तुटला होता फक्त रोटाव्हेटरला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या शाफ्टचा शिअर बोल्ट, म्हणजे जास्त भार आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट, जो किरकोळ पैशात मिळतो. त्याहून संताप आणणारी गोष्ट म्हणजे गाडी खोललीच नव्हती. क्लच बदलायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. इथे बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) बोल्टांवर मागच्या हंगामाचा वाळलेला चिखल तसाच होता. रंग उडालेला नाही, पान्याची एक खूण नाही.

शिअर बोल्ट तुटलेला सहज दिसत नाही, म्हणून हे खपतं. एका बाजूला डोकं जागेवर, दुसऱ्या बाजूला नट जागेवर, आणि मधल्या कापलेल्या जागेत गंज नि चिखल बसलेला. बोल्ट अखंड वाटतो. इंजिन बंद करून चावी काढून घ्या, पीटीओ न्यूट्रलला ठेवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. शाफ्ट फिरतोय पण रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचा दांडा फिरत नाही, तर बोल्ट गेला.

याने उलगडा झाला नाही तर शाफ्ट ट्रॅक्टरवरून काढून बाजूला ठेवा. माणसं दूर उभी करा, इंजिन हळू चालू ठेवून पीटीओ टाका. मागचा दात्यांचा दांडा (मिनिटाला 540 फेऱ्यांच्या पीटीओला साधारणपणे 35 मिमी, 6 दाते) मुळीच फिरत नसेल तर बिघाड ट्रॅक्टरमध्ये आहे. तरीही आधी लिव्हरची लिंक नि कॉटर पिन तपासा. फिरत असेल तर बिघाड बहुधा मागे आहे. "बहुधा" म्हणतोय, कारण झिजलेली प्लेट रिकाम्या दांड्याला फिरवते आणि भार आला की सरकते.

भाराखाली सरकत असेल तरी लगेच प्लेट बदलू नका. क्लच पेडलचा फ्री प्ले (क्लचवर दाब येण्याआधीची मोकळी हालचाल) संपला असेल तर चांगली प्लेटही सरकते. लॉक नट सैल करून लिंक मॅन्युअलमधल्या मापावर आणायची, एवढंच काम. ज्या रोटाव्हेटरला शिअर बोल्टऐवजी स्लिप क्लच (जास्त भार आला की तुटण्याऐवजी सरकणारा) आहे, त्याच्या दोन्ही भागांवर ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढा. काम केल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर सरकतोय तो हा क्लच, ट्रॅक्टरचा नव्हे.

खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात उलटही होतं: स्लिप क्लचच्या प्लेटा गंजून चिकटतात. मग दगड लागला की क्लच सरकत नाही आणि शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस किंवा गिअरबॉक्स फुटतो. काही जण "पक्कं करून देतो" म्हणत स्प्रिंगा पूर्ण आवळून तोच धोका विकत देतात. शिअर बोल्टातही तीच खोड. 8.8 ग्रेडचा बोल्ट सांगितला असताना त्याहून मजबूत 10.9 चा घालतात, "आता तुटणार नाही." तुटायलाच तर तो बसवलेला असतो! आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो, बसवण्याआधी वाचा. दोन-तीन जादा बोल्ट हंगामापूर्वीच घेऊन टूलबॉक्समध्ये ठेवा.

खरंच गाडी खोलायची वेळ आली, तर समोर उभे राहा. इंजिन वेगळं होताना फोटो काढा, जुनी प्लेट त्याच वेळी ताब्यात घ्या. रिवेटची डोकी वर आली आहेत का, अस्तर तेलाने भिजलंय का, तेही तिथेच बघा. तेल असेल तर सील बदलल्याशिवाय नवी प्लेटही टिकणार नाही. पार्ट नंबरासकट पक्कं बिल मागा. फसवलं गेलात तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला 2 वर्षांची मुदत आहे, आणि तिथे ते फोटो, ती प्लेट आणि ते बिलच कामाला येतं.