देशी खेळणी घ्यायचीत? दहीपुलाजवळचं हे दुकान बघा

खोकं उघडून खेळणं हातात देणारं दुकान मला नाशकात हे एकच सापडलं. मेन रोडवरून दहीपुलाकडे जाताना लागतं. अरुंद आहे पण आत खोलवर जातं, आणि मालकीणबाई स्वतः काउंटरवर असतात. लडाखमधल्या गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान शहीद झाले त्या जून २०२० पासून आमच्या घरात चिनी माल शक्यतो येत नाही. नात आता दोन वर्षांची होईल, तिच्यासाठी खेळणी हवी होती.

माझी सगळी नोकरी सातपूरच्या कारखान्यात क्वालिटीला गेली. खेळणं हातात आलं की आधी कडा चाचपायच्या, मग जोड ओढून बघायचे, ही सवय. इथे कोणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. उलट बाईंनीच स्क्रूड्रायव्हर पुढे केला. “काका, सेलचं झाकण उघडून बघा. स्क्रू नसला तर लहान पोराच्या हातात देऊच नका.” असं सांगणारा विक्रेता मला फार मोलाचा वाटतो.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला कुठलाही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, कारण तेवढा तुकडा घशात अडकू शकतो. अंबडच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून मी तसं एक नळकांडं करून घेतलं आणि बाईंना दिलं. आता ते काउंटरवरच असतं, गिऱ्हाइकं वापरतातही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आयएसआयचा शिक्का म्हणजे माल भारतात बनला असं नाही. तो सुरक्षेचा शिक्का आहे आणि परदेशी कारखान्यालाही त्याचा परवाना मिळू शकतो. शिक्क्याखाली सीएम/एल असा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कुणाचा परवाना आहे ते कळतं. माल कुठला, हे खोक्यावर उत्पादकाचा पत्ता आणि मूळ देश वाचूनच ठरवायचं. बाजारात एका ठिकाणी मला दोन्ही नसलेली गाडी ‘देशीच आहे’ म्हणून दाखवली होती. या दुकानात तसा एकही डबा दिसला नाही.

खेळण्यांवरची आयात ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय सक्तीचं. त्याआधी याच बाईंच्या फळ्या चिनी मालानं भरलेल्या असायच्या, त्यांनीच सांगितलं. आता अर्धी भिंत लाकडी खेळण्यांची आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाखेच्या रंगातल्या चकत्या मी घेतल्या. एकावर एक रचायच्या, कडा गुळगुळीत, आणि ओल्या फडक्यानं घासूनही रंग उतरला नाही. त्यांच्यावर आयएसआय नसेल तर बिचकू नका, नोंदणीकृत कारागिरांना त्यातून सूट आहे.

प्लास्टिकच्या मालाबद्दल मात्र तक्रार आहे. एका देशी ट्रकच्या चाकाजवळ मोल्डचा फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेली प्लास्टिकची पातळ कड, तसाच राहिला होता, बोटाला धार लागत होती. शिक्का होता, पत्ता महाराष्ट्रातला होता, तरी मी तो घेतला नाही. स्वदेशी म्हणून असला माल चालवून घेणं मला पटत नाही. आपण तो चालवून घेतला तर कारखानदार साचा कशाला दुरुस्त करील? बाईंनी वाद न घालता ट्रक बाजूला ठेवला आणि होलसेलरकडे परत पाठवला.

सेलवरची आगगाडी चांगली पळते. पण तिची मोटर अजून चीनमधून येते, हे बाईंनी न विचारता सांगितलं. ती मी विचार करून घेतली: साचा, जुळणी, रंगकाम इथलं आहे, त्यावर इथली माणसं पोट भरतात. मोटरही इथे बनावी अशी फार इच्छा आहे.

भाव रस्त्यावरच्या मालापेक्षा चढे आहेत, घासाघीस चालत नाही. गाडी लावायला जागा नाही, रविवार कारंजापासून पायी या. बिल पक्कं मिळतं आणि बदलूनही देतात. सावंतवाडीची लाकडी फळं संपली होती; माल आला की बाई फोन करणार आहेत.