वीज गेल्यावर वायफाय चालू ठेवायचं तर काय घ्यावं: मिनी यूपीएस, पॉवर बँक, कॉम्प्युटरचा यूपीएस की इन्व्हर्टर?

मान्सूनपूर्व कामांसाठी महावितरणने दुपारभर वीज बंद ठेवली, तरी लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालतो आणि मोबाइलही चालतो. बंद पडतो तो राउटर, आणि ऑनलाइन मीटिंग किंवा परीक्षेचा फॉर्म तिथेच अडकतो. खरं तर राउटरला लागणारी वीज अगदी थोडी असते, साधारण एका 9 वॉटच्या एलईडी बल्बइतकी. तेवढी पुरवायला चार सोपे मार्ग आहेत. चारही चालतात, पण प्रत्येकाची खोड वेगळी आहे आणि चुकीचा निवडला तर पैसे जाऊनही राउटर दर वेळी रीस्टार्ट होतोच.

खरेदीआधी एकदा वीज जाऊ द्या

घरातला बॅकअप कितीही चांगला असला, तरी ऑपरेटरच्या बाजूची वीज गेली की इंटरनेट जातंच. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी, परिसरातली वीज गेलेली असताना राउटर आणि फायबरचा डबा (ओएनटी) कुठल्याही तात्पुरत्या मार्गाने चालू करून बघा. शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवरून एक्स्टेन्शन घेतलं तरी चालेल. फक्त घरचा मेन स्विच बंद करून ही तपासणी होत नाही, कारण तेव्हा ऑपरेटरकडे वीज असतेच.

ओएनटीवरचा पीओएन (PON, म्हणजे फायबरची लाइन जोडलेली असल्याचा) दिवा स्थिर हिरवा असेल तर काम झालं. घरापर्यंत थेट फायबर येते तेव्हा वाटेतल्या स्प्लिटरला (एका फायबरचे अनेक फाटे करणाऱ्या भागाला) वीज लागत नाही. ऑपरेटरच्या मुख्य केंद्रात बॅकअप असला, की लाइन जिवंत राहते. एलओएसचा (LOS, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल झाला किंवा पीओएन नुसता लुकलुकत राहिला, तर अडचण पलीकडे आहे.

काही सोसायट्यांमध्ये फायबर इमारतीच्या पेटीपर्यंतच येते आणि तिथून घरात निळी किंवा राखाडी लॅन केबल येते. त्या पेटीतला स्विच जिन्यातल्या विजेवर चालतो. तो बंद पडला की घरचा बॅकअप निरुपयोगी. अशा ठिकाणी सोसायटीकडून त्या पेटीलाच बॅकअप बसवून घेणं हाच इलाज आहे, आणि तो सगळ्या घरांच्या कामी येतो.

राउटरला खरंच किती लागतं

अडॅप्टरवर 12 व्होल्ट, 1.5 अँपिअर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ अडॅप्टर जास्तीत जास्त 18 वॉट देऊ शकतो, एवढाच. साधा ड्युअल बँड राउटर प्रत्यक्षात 6 ते 9 वॉट घेतो, ओएनटी 5 ते 8, वायफाय 6 वाले मोठे राउटर 8 ते 12. सुरू होताना आणि वायफायवर भरपूर डेटा जात असताना हा आकडा थोडा वर उसळतो. सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर मिळाला तर नेमकं कळतं. नाही मिळाला तर एका डब्यासाठी 8 वॉट आणि ओएनटी व राउटर वेगळे असतील तर 14-15 वॉट धरून हिशोब करा.

व्होल्टेजही बघून घ्या. बहुतेक डबे 12 व्होल्टचे असतात, पण काही लहान राउटर 9 किंवा 5 व्होल्टवर चालतात. 9 व्होल्टच्या राउटरला 12 दिले तर तो कदाचित चालेल, कदाचित जळेल. हा जुगार खेळू नका. अडॅप्टरवरच्या गोल चिन्हात मधला बिंदू धन (+) आहे ना, हेही त्याच वेळी पाहा.

मिनी यूपीएस

बहुतेक घरांसाठी माझं मत यालाच. किंमत साधारण हजार ते दोन हजार रुपये. हा अडॅप्टर आणि राउटर यांच्या मधे बसतो. आत 18650 प्रकारचे दोन, तीन किंवा चार लिथियम सेल असतात. वीज गेली तरी राउटरला पत्ता लागत नाही, कारण बॅटरीतली डीसी वीज डीसी म्हणूनच पुढे जाते. 230 व्होल्ट करून पुन्हा 12 व्होल्टवर आणण्याचा द्राविडी प्राणायाम इथे नाही.

किती वेळ चालेल ते स्वतः काढता येतं. 2600 एमएएचचे तीन सेल असतील तर 3.7 × 2.6 × 3, म्हणजे साधारण 29 वॉट-तास. रूपांतरात 15 टक्के जातात असं धरलं तर हातात 24-25 उरतात. 8 वॉटचा राउटर तीन तास चालेल, ओएनटी आणि राउटर दोन्ही लावले तर पावणेदोन तास. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘4 तास बॅकअप’ असं असलं तरी सेलची क्षमता वॉट-तासांत किंवा एमएएचमध्ये लिहिली आहे का ते बघा. एका 18650 सेलची खरी क्षमता फार तर 3500 एमएएचच्या आसपास जाते. त्यामुळे ‘9900 एमएएच’ लिहिलेला सेल सरळ खोटा समजावा. लिथियम बॅटरीवर आयएस 16046 हे भारतीय मानक आणि आर- (R-) ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही शोधा.

आता यात बिघडतं काय ते. सगळ्यात जास्त येणारी तक्रार अशी की वीज गेल्यावर सगळं नीट चालतं, पण वीज आल्यावर राउटर रीस्टार्ट होतो. दोष मिनी यूपीएसचा वाटतो, पण बहुतेक वेळा तो अडॅप्टरचा असतो. राउटरबरोबर आलेला 12 व्होल्ट 1 अँपिअरचा अडॅप्टर फक्त राउटरपुरता असतो. रिकामे झालेले सेल चार्ज करणं आणि राउटर चालवणं ही दोन्ही कामं एकदम त्याच्यावर पडली की व्होल्टेज खाली बसतं. लांबच्या लोडशेडिंगनंतर हे हमखास होतं, कारण सेल जितके रिकामे तितका चार्जिंगचा करंट जास्त. 12 व्होल्ट 2 अँपिअरचा, दोन डबे असतील तर 3 अँपिअरचा चांगला अडॅप्टर लावला की तक्रार संपते. अँपिअर जास्त असल्याने राउटरला काही होत नाही. लागतो तेवढाच करंट तो ओढतो.

दुसरी गोष्ट पिनची. 5.5 × 2.1 आणि 5.5 × 2.5 मिलिमीटर या दोन पिना डोळ्याला सारख्याच दिसतात. डब्यातली पिन 2.5 ची आणि केबलचं भोक 2.1 चं असेल तर ती आत जातच नाही, निदान लगेच कळतं. उलट असेल तर मात्र आरामात जाते, पण सैल बसते. मग झाडू मारताना धक्का लागला तरी राउटर बंद-चालू होतो आणि टोक काळं पडायला लागतं. योग्य मापाची केबल वीस-पंचवीस रुपयांत मिळते, ती बदला.

तिसरी, स्वस्त मिनी यूपीएसमध्ये 12 व्होल्ट लिहिलेलं असतं, पण आत व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किटच नसतं. तीन सेल एकापाठोपाठ जोडून त्यांचं व्होल्टेज तसंच बाहेर दिलेलं असतं. भरलेले असताना 12.6 आणि उतरत उतरत 9 पर्यंत. मग बॅटरी अर्धी शिल्लक असतानाच राउटर अडखळायला लागतो. मल्टिमीटरने हे उघड होतं, कसं ते शेवटी सांगतो.

ठेवायची जागाही महत्त्वाची. राउटरच्या डोक्यावर मिनी यूपीएस ठेवू नका. सेल कायम पूर्ण भरलेले असतात आणि त्यात उष्णता मिळाली की वर्ष-दीड वर्षात क्षमता स्पष्ट घटते. नवीन सेल टाकायचे तर सगळे एकदम आणि एकाच प्रकारचे टाका. सेलच्या टोकावर सोल्डरिंग आयर्न टेकवू नका, निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने लावून घ्या.

पॉवर बँक आणि 12 व्होल्टची केबल

घरात पॉवर बँक असेल तर दोन-तीनशे रुपयांच्या स्टेप-अप केबलमध्ये (5 व्होल्टचे 12 व्होल्ट करणाऱ्या) काम होतं. 10,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे 37 वॉट-तास. दोन वेळा रूपांतर होऊन 27-28 हाती लागतात, म्हणजे 8 वॉटवर सव्वातीन तासांच्या आसपास. कागदावर हे मिनी यूपीएसपेक्षा स्वस्त आणि दमदार दिसतं.

अडचण कमाल शक्तीची आहे. साधा यूएसबी पोर्ट 5 व्होल्ट 2 अँपिअर, म्हणजे 10 वॉट देतो. स्टेप-अपनंतर 12 व्होल्टवर 0.7 अँपिअर उरतात. एकटा लहान राउटर यात निभावतो. मोठा राउटर सुरू होताना जरा उसळला की पॉवर बँक स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते आणि राउटर सुरू होण्याच्या चक्रात अडकतो. पीडी (यूएसबी-सीवरचं जलद चार्जिंग) ट्रिगर केबल, म्हणजे पॉवर बँकेकडे जास्त व्होल्टेज मागणारी केबल, वापरली तर शक्ती वाढते, पण पीडीची ठरलेली व्होल्टेज 5, 9, 15 आणि 20 अशी आहेत. 12 व्होल्ट प्रत्येक पॉवर बँक देईलच असं नाही. व्होल्टेज निवडायचं बटण असलेली ट्रिगर केबल तर राउटरसाठी घेऊच नका. चुकून 20 व्होल्ट निवडले गेले की राउटर गेला.

शिवाय बहुतेक पॉवर बँका चार्जिंगला लावलेल्या असताना अखंड पुरवठा करत नाहीत, चार्जर काढताना क्षणभर खंड पडतो. म्हणजे वीज गेली की उठून केबल बदलायची आणि राउटर सुरू व्हायची वाट बघायची. महिन्यातून एखाद्या वेळी वीज जात असेल तर हे परवडतं. रोज जाणाऱ्या विजेसाठी नाही.

कॉम्प्युटरचा 600 व्हीएचा यूपीएस

आत 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी, म्हणजे 84 वॉट-तास. मिनी यूपीएसच्या जवळपास तिप्पट. तरीही राउटर तिप्पट वेळ चालत नाही, कारण 230 व्होल्ट तयार करण्यासाठी यूपीएस स्वतःच राउटरइतकी किंवा त्याहून जास्त वीज खातो. प्रत्यक्षात दोन-अडीच तास धरा. काही मॉडेल फार कमी लोड दिसला की ‘काही जोडलेलं नाही’ असं समजून बॅटरीवर बंदच होतात. वर बीपचा आवाज वेगळाच.

या बॅटरीला पूर्ण रिकामं होणं सोसत नाही. कॉम्प्युटर सेव्ह करून बंद करायला दहा-पंधरा मिनिटं द्यावीत, यासाठी ती बसवलेली असते. रोज तळापर्यंत उतरवली तर दोन-तीन वर्षांची बॅटरी वर्षभरात मान टाकते. फक्त राउटरसाठी हा यूपीएस विकत घेण्यात अर्थ नाही. घरात डेस्कटॉप आहे आणि यूपीएस आधीच आहे, तर मात्र राउटर त्यालाच जोडा. वीज गेली की कॉम्प्युटर बंद करा, उरलेली बॅटरी राउटरला राहील.

घरचा इन्व्हर्टर

इन्व्हर्टर आधीच असेल तर नवीन काही घेण्याआधी राउटरचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते पाहा. बरेचदा दिवे आणि पंखे तेवढे त्या लाइनवर असतात आणि टीव्हीमागचा सॉकेट, जिथे राउटर असतो, तो राहून गेलेला असतो. 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1800 वॉट-तास असतात. 75 वॉटच्या पंख्यापुढे राउटरचे 8 वॉट खिजगणतीतही नाहीत. इलेक्ट्रिशियनकडून एक पॉइंट ओढून घ्या. फेज इन्व्हर्टरचा आणि न्यूट्रल भलत्याच सर्किटचा असं करू देऊ नका, आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होत राहील.

इन्व्हर्टर असूनही वीज जाताना राउटर रीस्टार्ट होत असेल तर मागचा किंवा पुढचा मोड स्विच ‘यूपीएस’वर करा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो, यूपीएस मोडमध्ये तो कमी होतो. पण त्याची किंमत आहे. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण 180 ते 260 व्होल्टमधलीच वीज स्वीकारतो. गावाकडे संध्याकाळी 160 व्होल्ट येत असतील तर वीज असूनही घर बॅटरीवर जाईल आणि बॅटरी रात्रीआधीच उतरेल. अशा ठिकाणी इन्व्हर्टर साध्या मोडमध्येच ठेवावा आणि त्याच्या सॉकेटवर मिनी यूपीएस लावावा. बदलाचा क्षण मिनी यूपीएस सांभाळतो, पुढचे तास इन्व्हर्टर. वारंवार वीज जाणाऱ्या भागासाठी याहून भरवशाची जोडी नाही.

इन्व्हर्टरची बॅटरी 12 व्होल्टची आणि राउटरही 12 व्होल्टचा, मग थेट वायर जोडू, असं सुचतंच. जोडू नका. ती बॅटरी उतरताना 10.5 पर्यंत जाते, चार्ज होताना 14.4 किंवा त्याहून वर. राउटरच्या तोंडाशी असलेले कॅपॅसिटर अनेकदा 16 व्होल्टचे असतात, म्हणजे फार थोडी मोकळीक. एलएम2596 चं स्वस्त मॉड्यूल इथे कामाचं नाही, कारण ते व्होल्टेज फक्त कमी करतं आणि त्याला 12 द्यायला निदान दीड-दोन व्होल्ट जास्त आत लागतात. कमी आणि जास्त दोन्ही करणारं बक-बूस्ट मॉड्यूल हवं, आणि बॅटरीच्या धन टोकाजवळ 3 अँपिअरचा फ्यूज हवाच. इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर नसलेला असेल तर हा नाद सोडा, त्याच्या बॅटरीच्या टोकांचा मेन्सशी संबंध असू शकतो.

आणल्या दिवशी घ्यायची परीक्षा

मिनी यूपीएस घेतला तर परत करण्याची मुदत संपण्याआधी तो पूर्ण चार्ज करा, राउटर जोडा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. राउटरचे दिवे जराही लुकलुकता कामा नयेत. दुसऱ्या आउटपुटवर किंवा वाय केबलच्या (एका पिनेचे दोन फाटे करणाऱ्या) मोकळ्या टोकावर मल्टिमीटर लावून आकडा लिहून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा बघा. 11.5 ते 12.5 च्या आत स्थिर राहिला तर सर्किट चांगलं आहे. 12.4, 11.6, 10.8 असा घसरत गेला तर परत करा. राउटर बंद पडेपर्यंत चालू द्या आणि वेळ मोजा. मग लगेच बटण चालू करा, कारण अडॅप्टरची खरी परीक्षा आत्ता आहे. राउटर पूर्ण सुरू होऊन पंधरा मिनिटं टिकला, अडॅप्टर हात ठेवता येईल इतपतच गरम राहिला, तर जोडणी बरोबर आहे. तोच प्रयोग सहा महिन्यांनी पुन्हा करा. पहिल्या वेळेच्या निम्म्यावर आला असेल तर सेल बदलायची वेळ झाली आहे.