नाशिकच्या अंगणात बिनकाट्याची ब्लॅकबेरी लावावी की लांब तुती?

दोन्हींची वाढ जोमदार आणि दोन्ही हल्ली रोपवाटिकेत सहज मिळतात. अडचण अशी की ब्लॅकबेरी म्हणून बऱ्याचदा तुतीच गळ्यात पडते. पैसे देण्याआधी पान बघा. एकच अखंड पान आणि देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती तुती. एका देठावर तीन किंवा पाच पानं असतील तर ते ब्लॅकबेरीच्या कुळातलं. पानामागच्या मधल्या शिरेवर बोट फिरवलं की काटे आहेत की नाही तेही कळतं.

ब्लॅकबेरीत नाशिककरांनी विचारायचा प्रश्न एकच: फळ पहिल्या वर्षाच्या काडीवर येतं का? जुने वाण दुसऱ्या वर्षाच्या काडीवर फळतात आणि त्यांना मधे भरपूर थंडी लागते. निफाडला पारा कधीमधी पाचाच्या आसपास उतरतो, पण तेवढ्याने भागत नाही. वेल नुसती माजते, फूल दिसत नाही. प्राइम-आर्क फ्रीडम हा अर्कान्सा विद्यापीठाने 2013 मध्ये आणलेला बिनकाट्याचा वाण नव्या काडीवर फळतो, आपल्याकडे याच जातकुळीचं रोप हवं.

तरी खरी मेख उन्हाची आहे. फुलोऱ्यात तापमान 30 अंशांच्या वर टिकलं तर परागकण निकामी होतात आणि फळाचे दाणे अर्धवट भरतात. म्हणून पावसाळ्यात फुटलेली काडी मीटरभर झाली की ऑगस्टअखेरीस शेंडा मारायचा. बगलफुटी निघतात, फुलोरा ऑक्टोबर हीट ओसरताना येतो आणि फळ हिवाळ्यात पिकतं. द्राक्षबाग सांभाळणाऱ्याला हे गणित वेगळं सांगायला नको. फक्त काडीवरचे डोळे (कळ्या) फुटावेत म्हणून द्राक्षाला लावतात ती पेस्ट इथे लावू नका.

दुसरी अडचण मातीची. ब्लॅकबेरीला मातीचा सामू (pH) साडेपाच ते साडेसहा लागतो, आपली भारी काळी जमीन आठाकडे झुकते आणि बोअरचं पाणी त्यात भर घालतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की लोह कमी पडलं समजा. साधं हिराकस (फेरस सल्फेट) अशा मातीत लगेच बांधलं जातं आणि झाडाला मिळत नाही, म्हणून तसं न अडकणारं इडीडीएचए चिलेटेड लोहच द्यावं लागतं. त्यापेक्षा 50 लिटरची ग्रो बॅग घ्या: दोन भाग कोकोपीट, एक भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत. काड्या बांधायला अडीच आणि साडेचार फुटांवर दोन तारा ओढा. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं द्या.

तुतीला यातलं काहीच लागत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची काडी जूनमध्ये दोन डोळे आत जातील अशी खोचली तरी जगते. फळ नव्या फुटीबरोबरच येतं, म्हणून डिसेंबरअखेर छाटणी करून उरलेली पानं ओरबाडून काढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोटभर लांब फळं मिळतात. पावसाच्या तोंडावर पुन्हा छाटा आणि झाड सहा फुटांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर वरची फळं बुलबुलांची.

तुतीचे शेंडे आखडून पानांचा गुच्छ झाला तर तो तुकरा रोग. तो करणारा गुलाबी पिठ्या ढेकूण द्राक्षावरही जातो, त्यामुळे शेजारी बाग असेल तर आखडलेला शेंडा कापून तिथेच टाकू नका. पिशवीत बांधून नष्ट करा आणि खोडावरच्या मुंग्या आवरा, कारण त्याच किडीला राखतात. ड्रेनेजचं चेंबर, कंपाउंडची भिंत आणि फिकट फरशी यांपासून दहा-बारा फूट लांब लावा. तो जांभळा डाग फरशीवरून सहजी निघत नाही.

जमीन असेल आणि घरात मुलं असतील तर तुतीच लावा. ब्लॅकबेरी गच्चीवाल्यांसाठी, तीही रोज लक्ष घालणार असाल तरच. तिची चव मात्र वेगळीच, अट एवढीच की फळ चकचकीत काळं असताना तोडू नका, आंबट लागतं. दोन-चार दिवसांत चमक जाते आणि बोट लावताच फळ हातात येतं, तेव्हा ते खरं पिकलेलं.

ब्लूबेरीच्या फोटोला भुलू नका. तिला सामू पाचाच्या आसपास लागतो आणि इथलं पाणी तो टिकू देत नाही. स्ट्रॉबेरी सुरगाण्यात होते तशी कुंडीतही होते, पण दर ऑक्टोबरला नवी रोपं आणायची तयारी हवी.