लाँगमूर की बिस्टर? उतरत्या काळातल्या लष्करी रेल्वेचं मॉडेल करणाऱ्यासाठी

दिवाळीत जळगावचा एक तरुण मित्र घरी आला होता. गच्चीवरच्या खोलीतलं माझं मॉडेल रेल्वेचं लेआउट त्याने तासभर पाहिलं आणि निघताना, चपला घालता घालता विचारलं, "काका, मलाही लष्करी रेल्वेच करायची आहे, तीही बंद पडत चाललेली. लाँगमूर करू की बिस्टर?" त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते मनाला पुरलं नाही. इंग्लंडमधल्या या दोन्ही लष्करी रेल्वे मी मॉडेलमध्ये करून पाहिल्या आहेत. एक मोडली, दुसरी अजून उभी आहे. स्केल, गेज, कंट्रोलर यांवर इथे लिहीत नाही. या नादाला लागलेल्याला ते ठाऊक असतं.

भुसावळात राहून इंग्लंडची रेल्वे कशाला, हे लोक विचारतातच. आपल्याकडे भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४९ची, वरणगावची १९६४ची. पण संरक्षण खात्याच्या आवारात फोटो काढायचे नाहीत, मापं घ्यायची नाहीत, आणि तो नियम योग्यच आहे. अंदाजाने मॉडेल करण्यात मला समाधान नाही. पाचोरा–जामनेरची ५६ किलोमीटरची छोटी लाइन मनात घर करून आहे, पण ती शेंदुर्णी-पहूरच्या माणसांची गाडी. तिचा विषय वेगळा. इंग्लंडच्या या दोन्ही रेल्वेंचे नकाशे आणि फोटो मात्र घरबसल्या मिळतात.

आता लाँगमूर. हॅम्पशायरमध्ये बॉर्डन ते लिस अशी ती धावायची. मुळात ही डेपोची रेल्वे नव्हे, सैनिकांना रेल्वे चालवायला शिकवणारी रेल्वे. १९३५पासून तिचं नाव लाँगमूर मिलिटरी रेल्वे. शिकाऊ मुलांना गाडी थांबवावी न लागता फिरवता यावी अशी हॉलीवॉटरची वळसा घालणारी लाइन तिथे होती. मॉडेल करणाऱ्याला आणखी काय हवं? गाडी सोडा आणि बघत बसा. शिवाय तिथलं 'गॉर्डन' हे निळं इंजिन. दहा जोडचाकं (दांड्याने एकमेकांना जोडलेली), पुढे दोन छोटी. युद्धकाळात अशी १५० इंजिनं बांधली गेली, आणि हे त्यांतल्या जपल्या गेलेल्यांपैकी एक, आज सेव्हर्न व्हॅली या वारसा रेल्वेकडे आहे. त्याचा निळा रंग आणि लाल रेघ पाहून मी लाँगमूरच्या प्रेमात पडलो, हे कबूल करतो.

तिचा शेवटही नाट्यमय. ३१ ऑक्टोबर १९६९ला रेल्वे बंद झाली. परदेशात स्वतःच्या रेल्वे चालवायची लष्कराची गरज सरत आली होती, मग शिकवायचं कुणाला? काही हौशी मंडळींनी ती वाचवायची धडपड केली, तर लिसच्या रहिवाशांनी वर्गणी काढून शेवटच्या टप्प्याची जमीनच विकत घेतली आणि तो बेत संपला. सगळं एका झटक्यात.

माझी अडचण इथे नव्हती. ती एका सांध्यावर होती, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागी.

'गॉर्डन'चं मॉडेल मला भाच्याने परदेशातून आणून दिलं, कुणीतरी किट जोडून केलेलं, जुनं पण देखणं. वळशात शिरताना जो सांधा होता, त्याच्यापुढे लगेच दीड फूट त्रिज्येचं वळण. याहून मोठं वळण माझ्या खोलीत बसत नव्हतं. जानेवारीत इंजिन त्यावरून लोण्यासारखं जायचं. मार्च उजाडला की चौथ्या जोडीचं चाक सांध्याच्या जिभेवर चढायचं. मे महिन्यात तर दर तिसऱ्या फेरीला इंजिन खाली. मी चाकांचं अंतर तपासलं, रुळाखाली पत्त्यांच्या कागदाच्या पट्ट्या सारल्या, सांध्याची जीभ कानशीने घासली. पावसाळ्यात सगळं सुरळीत, पुढच्या मार्चला पुन्हा तेच.

कारण कळलं ते एका दुपारी. आमच्याकडचा मे सांगायला नको. पारा ४५च्या पुढे जातो आणि स्लॅबखालची खोली रात्री दहापर्यंत भट्टीसारखी असते. जानेवारीत रुळांच्या ज्या फटीत पोस्टकार्ड जायचं, त्याच फटीत त्या दुपारी ब्लेडचं पातं जाईना. रूळ तापून लांबत होते आणि जागा शोधत होते, आणि ती त्यांना वळणाच्या तोंडाशी मिळत होती. आठ फुटांच्या सलग रुळाची लांबी थंडी ते उन्हाळा एक मिलिमीटरभर बदलते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण दहा जोडचाकांच्या लांब इंजिनाला तेवढंच पुरतं. फटी वाढवून पाहिल्या, तर थंडीत इंजिन अडखळायला लागलं. दोन उन्हाळे असे गेले. अखंड फिरणारी गाडी हाच जिचा आनंद, ती दर तिसऱ्या फेरीला हाताने उचलून रुळावर ठेवायची, यात जीव रमत नाही. एका रविवारी मी वळसा उखडला.

हा लाँगमूरचा दोष म्हणता येणार नाही. नाशिकला किंवा एसी असलेल्या खोलीत कदाचित काहीच अडचण येणार नाही. जळगावच्या वरच्या मजल्यावर येईल, एवढंच माझ्या अनुभवाने सांगतो.

मग बिस्टर. स्पेलिंग बघून आपण बायसेस्टर म्हणतो, तिकडचे लोक बिस्टर म्हणतात. ऑक्सफर्डशायरमधला हा लष्कराचा प्रचंड साठवण डेपो १९४१मध्ये बांधायला घेतला. ग्रेव्हन हिल आणि आर्नकॉट या टेकड्यांभोवती गोदामं पसरलेली, आणि त्यांना जोडणारी लष्कराची स्वतःची रेल्वे. ऑक्सफर्ड–ब्लेचली लाइनवरून आलेल्या वाघिणी, म्हणजे मालडबे, अदलाबदलीच्या साइडिंगवर (बाजूच्या लाइनीवर) सोडायच्या, तिथून डेपोचं इंजिन त्या एकेका गोदामापर्यंत नेणार. डेपोतल्या कामगारांसाठी प्रवासी गाड्याही होत्या.

इथलं इंजिन म्हणजे पाठीवर पाण्याची टाकी घेतलेलं सहा चाकांचं ऑस्टेरिटी. युद्धकाळात ३७७ बांधली आणि पुढे १९६४पर्यंत एकूण ४८५. पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत फक्त ११ फूट, म्हणजे आपल्या स्केलला (फुटाला चार मिलिमीटर) ४४ मिलिमीटर. ते सांध्यावरून चालण्याच्या वेगाने जातं, वळण तीव्र असो, फट मोठी असो. रूळ छोटे-छोटे, प्रत्येक साइडिंग स्वतंत्र, त्यामुळे मे महिन्याचा ताण एका जागी साचत नाही. गेल्या पाच उन्हाळ्यांत माझं इंजिन उन्हामुळे रुळावरून उतरलेलं आठवत नाही.

पण खरं सांगायचं तर बिस्टरकडे मन ओढलं गेलं ते तिच्या ओहोटीमुळे. माझे वडील भुसावळ यार्डात सांधेवाले होते. त्यांच्या काळात वाघिणी एकेक तोडायच्या, निवडायच्या, नव्याने जोडायच्या. मग रेल्वेचा भर पूर्ण रेकवर आला. जो ५० वाघिणींचा माल एकदम देईल त्याचं काम आधी. दोन वाघिणीवाल्याने ट्रक बघावा. यार्डातल्या बाजूच्या लाइनी गंजताना वडिलांनी पाहिल्या आणि संध्याकाळी ते त्यांची नावं घेऊन सांगायचे, जशी गावातल्या माणसांची चौकशी करावी तशी. इंग्लंडमध्ये हेच झालं. एकेकट्या वाघिणी नेणारी स्पीडलिंक सेवा जुलै १९९१मध्ये बंद झाली, आणि दोन-चार वाघिणींवर जगणाऱ्या डेपोंचं कठीण झालं. सामान रस्त्यावर गेलं. २०१४मध्ये ग्रेव्हन हिलची जमीन स्थानिक कौन्सिलने घेतली, आता तिथे लोक आपापली घरं बांधतात.

ही हळूहळू उतरणारी गोष्ट मॉडेलवर चालवता येते. माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड आहे: कुठून आली, कुठल्या गोदामात जाणार. १९५०चा दिवस खेळायचा असेल तर २० कार्डं काढतो आणि दोन तास पुरत नाहीत. १९९०चा असेल तर तीन. इंजिन तेच तीन डबे घेऊन रिकाम्या गोदामांपुढून जातं, आणि खोलीत फक्त त्याचाच आवाज असतो. ज्या साइडिंगचं काम संपलं तिच्या रुळाच्या माथ्यावर मी गंजाचा तपकिरी रंग देतो. रंग चढला की चाकाला वीज मिळत नाही. इंजिन तिथे जातच नाही. ती साइडिंग दिसायला बंद असतेच, चालायलाही बंद होते. स्लीपरांमध्ये सुतळीचे हिरवे रंगवलेले तंतू चिकटवतो. सहापैकी चार साइडिंग अशा झाल्या आहेत. चौथी रंगवताना वडील होते. त्यांनी ब्रश हातात घेतला, पण कडेचा सांधा मोकळा ठेवायला सांगितला, कारण कधी एखादी वाघीण आलीच तर.

खर्चाचं म्हणाल तर बिस्टरला सांधे जास्त लागतात आणि पैसा तिथेच जातो. लाँगमूरला इंजिन महाग. जागा दोघींना जवळपास सारखीच. पाहुण्यांना, विशेषतः लहान मुलांना, लाँगमूर जास्त आवडेल. घरात पाहणारे खूप असतील आणि खोली थंड असेल, तर तीच करावी, मी अडवणार नाही. एकट्याने संध्याकाळी तासभर बसून एक वाघीण जागेवर पोचवण्यात ज्याला समाधान आहे, त्याने माझ्या मते बिस्टरचा विचार आधी करावा.

तुझ्यासाठी, मित्रा: निळं 'गॉर्डन' अजून माझ्या कपाटात आहे, तेल घालून फडक्यात गुंडाळलेलं. लाँगमूरच ठरवलंस तर येऊन घेऊन जा. पण आधी एक रूळ वरच्या खोलीत ठोकून ठेव, आणि मे महिन्याच्या दुपारी त्याच्या फटीत पोस्टकार्ड घालून बघ.